संगणकाच्या जाळे-मांडणीची सफाई

संगणकाच्या जाळे-मांडणीची सफाई म्हणजे घरात केबल किंवा फायबर तारेने नवी आंतरजाल जोडणी घेतल्यानंतर संगणकात व राउटरमध्ये उरलेल्या आधीच्या जोडणीच्या नोंदी शोधून त्या काढून टाकण्याची किंवा दुरुस्त करण्याची प्रक्रिया होय. जुनी डायल-अप नोंद, हाताने भरलेला आयपी पत्ता, बंद पडलेल्या सेवेचा डीएनएस पत्ता, कार्यालयातील प्रॉक्सी, निरुपयोगी झालेली लॉगिन नोंद अशा अनेक गोष्टी या अवशेषांत मोडतात. नवी तार निर्दोष असूनही संगणक या जुन्या सूचनांप्रमाणे वागत राहतो. परिणामी संकेतस्थळे उघडत नाहीत, वेग मंदावतो किंवा क्वचित वापरकर्ता बनावट पानावर नेला जातो. असा दोष तारेचा आहे की संगणकातील मांडणीचा, हे ओळखता आले तर पुष्कळदा संगणक ‘फॉरमॅट’ करण्याची, म्हणजेच त्यातील छायाचित्रे व कागदपत्रे गमावण्याची, वेळ टळते.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने क्रमांक फिरवून जोडणी होत असे. याच वर्षी केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम संमत झाला आणि गल्लोगल्ली पसरलेल्या केबलचालकांच्या व्यवसायाला कायद्याची चौकट लाभली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडसाठी किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा वेग ठरविण्यात आला. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. २००५ पासून दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँड लहान गावांतही पोहोचू लागले आणि पुढे स्थानिक केबलचालकांनी खांबांवरून इथरनेटची तार व नंतर फायबर घराघरांत नेले.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत या स्थित्यंतराचे सर्व टप्पे एकाच घरात सापडू शकतात. पुणे–नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारपेठेची गावे, जुन्नर व घोडेगाव ही तालुक्याची ठिकाणे आणि पश्चिमेकडील सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी वाड्या यांची भौगोलिक स्थिती परस्परांहून फार भिन्न आहे. गावठाणात खांबावरून आलेली तार, मळ्यातील वस्तीवर भ्रमणध्वनीचे जाळे आणि ग्रामपंचायतीत भारतनेटचे फायबर अशी मिश्र व्यवस्था येथे समजून घ्यावी लागते. (भारतनेट ही योजना २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने मंजूर झाली होती.) एखाद्या घरातील संगणक दहा-बारा वर्षांत दूरध्वनीचे ब्रॉडबँड, डोंगल, भ्रमणध्वनीचा हॉटस्पॉट आणि शेवटी केबलचालकाचे फायबर अशा चार जोडण्यांतून गेलेला असतो. प्रत्येक जोडणी आपली काही चिन्हे मागे ठेवून जाते.

जोडणीची रचना

सफाई करण्यापूर्वी घरातील मार्ग ध्यानात घेणे आवश्यक आहे. फायबरची तार प्रथम एका लहान पेटीत येते. ही पेटी प्रकाशाच्या संकेतांचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. तिला ओएनयू किंवा बोलीभाषेत ‘फायबरचा मोडेम’ म्हणतात. तिच्यापुढे राउटर असतो, किंवा दोन्ही कामे एकच पेटी करते. राउटर घरातील प्रत्येक उपकरणास तात्पुरता पत्ता देतो. हे पत्तेवाटप डीएचसीपी या पद्धतीने होते. जुन्या केबल मोडेमांत याऐवजी दूरचित्रवाणीची समाक्ष तार वापरली जाते आणि त्यासाठीचे डॉक्सिस हे मानक १९९७ मध्ये तयार झाले.

घरातील पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. १९९६ च्या मानकाने हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. वाड्यातील खोल्यांना दिलेले क्रमांक वाड्यापुरते चालतात, टपाल मात्र वाड्याच्या पत्त्यावर येते. त्याचप्रमाणे राउटर घरातील सर्व उपकरणांच्या वतीने बाहेरच्या एकाच पत्त्यावरून व्यवहार करतो.

संकेतस्थळाच्या नावाचे अंकपत्त्यात रूपांतर डीएनएस ही व्यवस्था करते. तिची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. डीएनएस चुकीचा असेल तर तार, राउटर व वेग सर्व ठीक असूनही एकही पान उघडत नाही. टपालवाहक तयार आहे, पण पत्त्यांची वही हरवली आहे, अशी ती अवस्था असते.

उरणारे अवशेष

हाताने भरलेला आयपी पत्ता: पूर्वी अनेक केबलचालक प्रत्येक ग्राहकास ठरावीक पत्ता देऊन तो संगणकात टंकून ठेवत. नवा राउटर वेगळ्या मालिकेतील पत्ते देत असेल, तर जुन्या पत्त्याचा संगणक त्या राउटरशी बोलूच शकत नाही.

जुना डीएनएस पत्ता: काही सेवादारांचे डीएनएस केवळ त्यांच्याच ग्राहकांना उत्तर देतात. सेवादार बदलल्यावर जुना डीएनएस तसाच राहिला, तर ‘जोडणी आहे, पण पाने उघडत नाहीत’ अशी तक्रार निर्माण होते.

पीपीपीओईची लॉगिन नोंद: १९९९ च्या या पद्धतीत वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्द देऊन जोडणी सुरू होते. आधी हे काम संगणकावरील ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ ही नोंद करीत असे, आता ते राउटर करतो. दोघांनीही एकाच नावाने लॉगिनचा प्रयत्न केल्यास अनेक सेवादार दुसरा प्रयत्न नाकारतात आणि जोडणी अधूनमधून तुटते.

प्रॉक्सी व व्हीपीएन: महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून किंवा कार्यालयातून घरी आणलेल्या लॅपटॉपमध्ये तेथील प्रॉक्सीचा पत्ता राहून जातो. घरी तो पत्ता अस्तित्वात नसल्याने ब्राउझर थांबून राहतो. त्याच वेळी संदेशवहनाचे अन्य कार्यक्रम मात्र चालू असतात. ब्राउझर अडतो आणि इतर कार्यक्रम चालतात, ही प्रॉक्सीदोषाची नेमकी खूण होय.

एमटीयू: एका वेळी पाठविता येणाऱ्या माहितीच्या गाठोड्याचा कमाल आकार म्हणजे एमटीयू. इथरनेटवर तो १५०० बाइट असतो. पीपीपीओईला स्वतःसाठी ८ बाइट लागत असल्याने तेथे तो १४९२ होतो. डायल-अपच्या काळात तो ५७६ करण्याचा सल्ला दिला जाई. ते मूल्य आजही राहिले असेल तर प्रत्येक मोठ्या माहितीचे विनाकारण बारीक तुकडे होतात. उलट मूल्य गरजेपेक्षा मोठे असल्यास लहान पाने उघडतात, पण छायाचित्रे चढविताना किंवा अर्ज सादर करताना काम अर्ध्यावर अडते.

वेगवर्धकांचे फेरफार: विंडोज एक्सपीच्या काळात वेग वाढविण्याचा दावा करणारे लहान कार्यक्रम लोकप्रिय होते. ते ‘रिसीव्ह विंडो’चे, म्हणजे पोच मिळण्यापूर्वी किती माहिती स्वीकारायची याचे, मूल्य बदलत. हे मूल्य ६४ किलोबाइटवर खिळलेले असेल आणि माहिती जाऊन पोच येण्यास ५० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला फार तर २० फेऱ्या होतात. त्यामुळे एका डाउनलोडचा वेग सुमारे साडेदहा मेगाबिटच्या वर जाऊ शकत नाही, मग तार १०० मेगाबिटची का असेना. विंडोज व्हिस्टापासून ही जुळणी संगणक स्वतःच करतो. म्हणून असे फेरफार काढून मूळ मूल्ये ठेवणे हेच श्रेयस्कर.

दोन राउटर: जुना दूरध्वनी-मोडेम ‘असू द्या, वायफायला उपयोगी पडेल’ म्हणून नव्या राउटरला जोडून ठेवला जातो. दोन्ही उपकरणे पत्तेवाटप करू लागतात आणि कधी दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असतो. त्यामुळे घरातील काही उपकरणे चालतात, काही चालत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी नेमके उलट घडते.

सफाईचा क्रम

सफाईचा पहिला नियम म्हणजे आधी लिहून ठेवावे, मग बदलावे. विद्यमान पत्ते, डीएनएस, लॉगिनचे नाव व राउटरची मांडणी वहीत उतरवून घ्यावी किंवा पडद्याचे छायाचित्र घ्यावे. दुसरा नियम असा की, एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्यास दोष कोठे होता हे कधीच कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवल्यास उपाय पुन्हा शोधावा लागतो.

१. दोषाची जागा ठरविणे. त्याच वायफायवर भ्रमणध्वनी चालतो का ते पाहावे. तत्पूर्वी त्याचा मोबाइल डेटा बंद करावा, अन्यथा निष्कर्ष फसतो. भ्रमणध्वनी चालत असेल व संगणक चालत नसेल, तर दोष संगणकात आहे. दोन्ही चालत नसतील तर राउटर, फायबरची पेटी व तार तपासावी. पेटीवरील ‘लॉस’चा लाल दिवा लागला असल्यास प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नाही. तेथे संगणकातील सफाईचा काहीही उपयोग होत नाही, केबलचालकास कळविणे हाच उपाय.

२. पत्ता पाहणे. विंडोजच्या कमांड खिडकीत रोमन अक्षरांत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ या पर्यायासह दिल्यास सर्व पत्ते दिसतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला पत्ता देणारा कोणी भेटला नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला, असा त्याचा अर्थ होतो.

३. पत्ता व डीएनएस स्वयंचलित करणे. जाळ्याच्या गुणधर्मांत जाऊन हाताने भरलेले आकडे काढावेत व दोन्ही पर्याय ‘आपोआप मिळवा’ या स्थितीत ठेवावेत. त्यानंतर ‘रिलीज’ व ‘रिन्यू’ या पर्यायांनी पत्ता नव्याने मागवावा आणि ‘फ्लशडीएनएस’ने साठवलेले जुने नावपत्ते पुसावेत.

४. प्रॉक्सी बंद करणे. विंडोजच्या मांडणीत व ब्राउझरमध्ये, दोन्ही ठिकाणी तपासावे.

५. निरुपयोगी नोंदी काढणे. डायल-अप, जुना डोंगल व संगणकावरील पीपीपीओई यांच्या नोंदी आणि त्यांचे कार्यक्रम काढावेत. लॉगिन आता राउटर करतो याची आधी खात्री करून घ्यावी.

६. वायफायची जुनी नावे विसरविणे. साठवलेल्या यादीतील संकेतशब्द नसलेली सार्वजनिक जाळी विशेषेकरून काढावीत. त्याच नावाचे दुसरे जाळे कोणी उभारल्यास संगणक त्यालाही ओळखीचे समजून जोडला जाऊ शकतो.

७. जुना राउटर दूर करणे. तो वापरायचाच असेल तर त्याचे पत्तेवाटप बंद करून त्यास घरातील जाळ्याचा वेगळा पत्ता द्यावा.

८. शेवटचा उपाय. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ‘नेटवर्क रिसेट’ हा पर्याय उपलब्ध आहे. त्याने जाळ्याची सर्व मांडणी मूळ स्थितीत येते. कागदपत्रे व छायाचित्रे यांना धक्का लागत नाही. मात्र वायफायचे संकेतशब्द पुन्हा भरावे लागतात आणि व्हीपीएनचे कार्यक्रम पुन्हा बसवावे लागू शकतात. संगणक ‘फॉरमॅट’ करणे हा जाळ्याच्या दोषावरील उपाय नव्हे.

काय पुसू नये

सफाईच्या उत्साहात आवश्यक नोंदीही पुसल्या जातात. मुद्रकास दिलेला स्थिर पत्ता, निगराणी कॅमेऱ्याची नोंद, घरून काम करणाऱ्याचे कार्यालयीन व्हीपीएन व सेवादाराने खरोखरच दिलेला स्थिर पत्ता या गोष्टी राखून ठेवाव्यात. राउटरचे ‘रिसेट’चे बारीक छिद्र टाचणीने दाबण्यापूर्वी पीपीपीओईचे नाव व संकेतशब्द हाताशी असल्याची खात्री करावी. ते नसतील तर चालू असलेली जोडणीही बंद पडते आणि केबलचालकाची वाट पाहावी लागते.

काही सेवादार ग्राहकाच्या उपकरणाचा ४८ बिटांचा मॅक क्रमांक नोंदवून ठेवतात व केवळ त्याच उपकरणास जोडणी देतात. आधी तार थेट संगणकाला जोडलेली असेल आणि नंतर राउटर आणला असेल, तर मांडणी अचूक असूनही जोडणी मिळत नाही. अशा वेळी नव्या उपकरणाचा क्रमांक सेवादाराकडे नोंदवून घ्यावा लागतो.

सुरक्षितता

डीएनएसची मांडणी ही केवळ सोयीची बाब नाही, हे ‘डीएनएसचेंजर’ प्रकरणाने दाखवून दिले. या घातक प्रणालीने जगभरातील सुमारे ४० लाख संगणकांच्या डीएनएस नोंदी बदलून त्यांची चौकशी गुन्हेगारांच्या सर्व्हरकडे वळविली होती. घरातील ज्या राउटरांचे मूळ संकेतशब्द बदललेले नव्हते, त्यांच्या मांडणीतही तिने फेरफार केले. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात संशयितांना अटक झाली. बाधित लोकांचे आंतरजाल एकाएकी बंद पडू नये म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्या जागी काही महिने निर्दोष सर्व्हर चालविण्यात आले. ९ जुलै २०१२ रोजी ते बंद झाले, तेव्हा ज्यांनी आपली मांडणी दुरुस्त केली नव्हती त्यांना संकेतस्थळे सापडेनाशी झाली.

ग्रामीण भागातील व्यवहार आता मोठ्या प्रमाणात संकेतस्थळांवर अवलंबून आहेत. सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, बँकेचा व्यवहार ही कामे घरच्या संगणकावरून होतात. चुकीच्या डीएनएसमुळे बनावट पान उघडल्यास त्यात भरलेला संकेतशब्द थेट भामट्याच्या हाती पडतो. म्हणून सफाईच्या वेळी राउटरचे मूळ ‘अॅडमिन’ संकेतशब्द बदलणे, बाहेरून राउटर चालविण्याची सोय बंद ठेवणे, त्याची प्रणाली अद्ययावत करणे आणि वायफायसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हे संरक्षण निवडणे ही कामेही करावीत. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत सहज फोडता येते, ती वापरू नये. ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिल्यास तो डावलून पुढे जाऊ नये.

जुन्नर–आंबेगाव परिसरातील विशेष बाबी

शेतवस्त्यांवर घरे विखुरलेली असतात. इथरनेटच्या तांब्याच्या तारेची मानक मर्यादा १०० मीटर आहे. गोठ्यापलीकडच्या किंवा शेजारच्या मळ्यातील घरापर्यंत तार ओढून नेल्यास जोडणी अस्थिर होते आणि हा दोष मांडणीचा भासतो. अशा अंतरासाठी फायबरच वापरावे. वळवाच्या पावसात विजा चमकत असताना तांब्याच्या लांब तारेतून विद्युतलोट येऊन राउटरचे व संगणकाचे तारद्वार जळू शकते. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. वीज गेल्यानंतर राउटर आधी व फायबरची पेटी नंतर सुरू झाल्यास काही वेळा लॉगिन अडकते. दोन्ही बंद करून आधी पेटी, दोन मिनिटांनी राउटर व शेवटी संगणक असा क्रम पाळल्यास मांडणीला हात न लावताही जोडणी परत येते.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर पसरलेल्या असून दूरस्थ अँटेनांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. या अँटेना मध्यवर्ती केंद्राशी ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या आहेत. दुर्बीण साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपते. केबल दूरचित्रवाणीच्या समाक्ष तारेतील संकेत साधारणतः ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात, म्हणजे दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात. तारेचा सैल सांधा, उघडे टोक किंवा सदोष बूस्टर यांतून हे संकेत बाहेर गळू शकतात. घरात फायबर आल्यावर खांबापासून लोंबत राहिलेली चालू समाक्ष तार व बूस्टर केबलचालकाकडून काढून घेणे हा सफाईचाच भाग मानावा. फायबरमधून प्रकाश वाहतो, त्यातून रेडिओ संकेत गळत नाहीत. वायफायचे २.४ व ५ गिगाहर्ट्झचे पट्टे दुर्बिणीच्या या पट्ट्याबाहेर आहेत.

मर्यादा

सफाईमुळे संगणक नव्या जोडणीचा पूर्ण उपयोग करू लागतो. जोडणीचा मूळ वेग मात्र वाढत नाही. संध्याकाळी सर्वत्र वापर वाढल्याने येणारी मंदगती, जाड दगडी भिंतींमुळे क्षीण होणारे वायफाय किंवा सेवादाराच्या यंत्रणेतील बिघाड यांवर ती उपाय नाही. वेग मोजताना म्हणूनच संगणक तारेने राउटरला जोडून सकाळी व संध्याकाळी असे दोनदा मोजावे.

आयपीव्ही४ या पद्धतीत पत्ते ३२ बिटांचे असून त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. यामुळे अनेक सेवादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतील असेल, तर तो अशाच सामायिक व्यवस्थेतील असतो. त्यासाठीची मालिका २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आली. अशा जोडणीवर घरातील कॅमेरा बाहेरून थेट पाहता येत नाही. हा मांडणीचा दोष नसून व्यवस्थेची मर्यादा आहे. त्यासाठी सेवादाराकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो किंवा आयपीव्ही६ची सोय घ्यावी लागते.

सफाई पूर्ण झाल्यावर नवी मांडणी, लॉगिनचे नाव, राउटरचा पत्ता व बदलांची तारीख वहीत लिहून ती राउटरजवळ ठेवण्याची पद्धत उपयुक्त ठरते. संकेतशब्द मात्र वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवावेत. पुढे जोडणी पुन्हा बदलली, तर कोणती नोंद कोठून आली हे घरातील कोणासही त्या वहीवरून कळू शकते.

हेही पाहा

आंतरजाल
ब्रॉडबँड
डीएनएस
राउटर
भारतनेट
जीएमआरटी
जुन्नर तालुका
आंबेगाव तालुका